परातीवरची तारीख

घर आवरताना माळ्यावरून आजीची पितळी परात खाली काढली, तेव्हा ती पार काळवंडली होती. चिंचेचा कोळ आणि मीठ घेऊन अंगणातल्या नळाशी घासत बसले आणि त्या काळपट थराखालून हळूहळू एकेक गोष्ट वर येऊ लागली. आधी पिवळाधमक काठ. मग आतल्या बाजूला, तळ्यात खडा पडल्यावर उठतात तशी एकात एक वर्तुळं, केसाहून बारीक, बोटाला लागतील न लागतील अशी. आणि सर्वांत शेवटी, काठाच्या खाली, टिंबटिंब ठोकून घातलेली अक्षरं. आजीचं सासरचं नाव, 'मावशीकडून सप्रेम भेट', आणि लग्नाची तारीख. साल १९४९.

भांड्यांवर नाव घालायची रीत आता मागे पडली. पूर्वी घरात कार्य निघालं की आळीतली भांडी एका घरात गोळा व्हायची आणि कार्य उरकलं की नावं वाचून आपापल्या घरी परतायची. म्हणून प्रत्येक ताटावाटीवर नाव हवंच. भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर एक माणूस हातोडी-छिन्नी घेऊन बसलेला असे, "काय घालू?" असं मान वर न करता विचारी, आणि त्याच्या हाताखालून अक्षरं पावसाच्या थेंबांसारखी उमटत जात. घेणारीचं नाव, देणारीचं नातं आणि दिवस, एवढं सगळं त्या दोन ओळींत मावे. घडवणाऱ्याचं नाव मात्र कधी नसे. ज्या तांबटाने हा पत्रा ठोकून ठोकून खोल केला, ज्या कारागिराने तो फिरवून कातला आणि ही वर्तुळं मागे ठेवली, त्यांचं नाव घालावं असं कुणाच्या मनातही आलं नसेल.

ती वर्तुळं पाहून मला मिर्झापूर आठवलं. मी तिथे कधी गेलेली नाही. माझं काम भाषांतराचं. पेटंटच्या वादांत लागणारे जुने कागद एका भाषेतून दुसऱ्या भाषेत न्यायचे. त्या निमित्ताने जे निकाल वाचनात येतात, त्यातला एक मिर्झापूरच्या भांड्यांचा आहे आणि तो माझ्या मनात घर करून राहिला आहे. पितळेची आणि जर्मन सिल्व्हरची भांडी करणाऱ्या तिथल्या एका कारखान्याने डिसेंबर १९५१ मध्ये एक पेटंट मिळवलं. ते भांड्याचं नव्हतं. भांडं कातताना ते यंत्रावर कसं धरायचं, याचं होतं. जुन्या पद्धतीत ताटासारखं उथळ भांडं लेथच्या हेडस्टॉकला, म्हणजे फिरत्या डोक्याला, ऊब लागली की मऊ होणाऱ्या लेपाने चिकटवत, नाहीतर जबड्यात पकडत. समोरून आधार काहीच नाही. त्यामुळे कातकाम कमीजास्त होई, आणि कधीकधी गरगर फिरणारं भांडं सुटून कामगाराच्या अंगावर येई. नव्या पद्धतीत समोरच्या बाजूने टेलस्टॉकचा दाब देऊन भांडं घट्ट धरलं जाई. त्याच गावातल्या दुसऱ्या कारखान्याने ही पद्धत उचलली, असं म्हणत पेटंटवाले कोर्टात गेले. दुसऱ्यांचं म्हणणं होतं की टेलस्टॉक तर जुनाच, यात नवं काय?

हे ऐकायला किती सोपं वाटतं! पण त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला न्यायव्यवस्थेला एका पिढीहून जास्त वेळ लागला. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी पेटंट रद्द केलं. अपिलात तिथल्याच खंडपीठाने ते उचलून धरलं. आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७८ मध्ये ते पुन्हा रद्द ठरवलं. टेलस्टॉकचा दाब देणं त्या धंद्यात आधीपासून ठाऊक होतं, त्यात केलेली भर ही कारखान्यातली नेहमीची सुधारणा होती, तिला शोध म्हणता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. 'बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज' हे त्या खटल्याचं नाव आजही आपल्याकडच्या पेटंटच्या वादांत पुन्हापुन्हा घेतलं जातं. एवढ्या मोठ्या शास्त्राच्या मुळाशी एक साधं ताट आहे, आणि ते निसटू नये म्हणून केलेली धडपड आहे, ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

परात पालथी घालून मी तिचा मध्य शोधला. तिथे एक बारीकसा खळगा आहे. गोल आखताना तांबटाने टेकवलेल्या कंपासच्या टोकाचा तो असू शकतो आणि समोरून दाबलेल्या एखाद्या टोकाचाही असू शकतो. कोर्टात 'असू शकतो' याला फारशी किंमत नसते. परात १९४९ ची आहे, हे तिच्यावरच लिहिलेलं आहे. ती कातलेली आहे, हे वर्तुळं सांगतात. पण कातताना ती कशी धरली होती, हे परात सांगत नाही. वस्तू उरते, तिच्यावरची तारीखही उरते. हाताची रीत मात्र त्या हाताबरोबर जाते. पेटंटच्या वादात जिला 'प्रायर आर्ट' म्हणतात, ती म्हणजे शोधाच्या अर्जाआधी जगाला ठाऊक असलेली प्रत्येक गोष्ट. व्याख्या आभाळाएवढी आहे. सिद्ध करायला बसलं की ती एका खळग्याएवढी होऊन जाते.

आणि एखादी गोष्ट आधी होती एवढं दाखवून भागतही नाही. समजा, हुबेहूब तीच गोष्ट कुठे सापडली नाही, पण तिच्या आसपासचं सगळं होतं. तर मग विचारायचं की त्या धंद्यातल्या साधारण जाणत्या माणसाला इथून तिथवरचं पाऊल सहज सुचलं असतं का? अमेरिकेत १८५१ मध्ये दाराच्या मुठींवरून एक निकाल झाला. मुठी लाकडाच्या आणि धातूच्या होत्याच, त्या पक्क्या बसवायची पद्धतही होती. कुणीतरी तशीच मूठ चिनीमातीची केली आणि पेटंट घेतलं. न्यायालय म्हणालं, हे तर कुठलाही कसबी कारागीर करेल. तेव्हापासून कायद्याच्या जगात हा एक काल्पनिक कारागीर वावरतो आहे. तो फार हुशार नाही, अडाणीही नाही. आपल्या धंद्यातलं सगळं त्याने वाचलेलं आहे आणि नेमकी वादातली गोष्ट तेवढी त्याने पाहिलेली नाही. मिर्झापूरच्या निकालातही तो येतो. मला तो नेहमी त्या पायरीवरच्या नाव घालणाऱ्यासारखा दिसतो, मान खाली घालून काम करणारा. त्याला न्यायमूर्ती विचारतात, "तुला हे सुचलं असतं का रे?" तो बोलत नाही. त्याच्या वतीने इतरांनाच बोलावं लागतं.

लहानपणी विळीवर भाजी चिरताना माझं बोट कापलं की आजी उठून फडताळाकडे जायची नाही. मिसळणाचा डबा हाताशीच असायचा. चिमूटभर हळद जखमेवर दाबायची, वरून जुन्या लुगड्याची चिंधी, आणि तिचा हात पुन्हा भाजीकडे वळायचा. पिवळा रंग दोनतीन दिवस नखाच्या कडेला राहायचा. या चिमटीबद्दल २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोघा भारतीय वंशाच्या संशोधकांनी जखम भरण्यासाठी हळदीची पूड वापरण्याच्या पद्धतीवर हक्क मागितला होता. तिथल्या त्या वेळच्या कायद्यात एक विलक्षण अट होती. परदेशात एखादी गोष्ट लोक नुसती वापरत असतील, जाणत असतील, तर ते धरलं जात नसे. ती कुठेतरी छापलेली हवी, किंवा तिचं पेटंट असायला हवं. म्हणजे कोट्यवधी आज्यांच्या कोट्यवधी चिमटी त्या कायद्याच्या नजरेत घडलेल्याच नव्हत्या. ही अट तिथे पुढे २०११ च्या कायद्याने बदलली आणि २०१३ पासून नवा नियम लागू झाला.

भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये फेरतपासणीची मागणी केली. तेव्हा परिषदेचे महासंचालक होते रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे. मग शोध सुरू झाला तो कागदांचा. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथ, काही शंभर वर्षांहून जुने, आणि १९५३ चा भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला एक लेख, असे बत्तीस पुरावे गोळा झाले. भाषांतराच्या माझ्या धंद्यामुळे असेल, पण या बत्तीस कागदांपाशी माझं मन नेहमी थांबतं. एखाद्या जुन्या पोथीतल्या 'लेप' या शब्दासाठी इंग्रजीत कोणता शब्द निवडावा, याचा विचार करत कुणीतरी रात्री दिव्याखाली बसलं असेल. तो शब्द साधा नव्हता. पेटंटधारकांनी उत्तर दिलं की जुन्या ग्रंथांत आहे तो लेप, आमची आहे ती पूड. दोन्हींचे गुणधर्म वेगळे, शरीरात शोषलं जाणं वेगळं. लेप चालतो म्हणून पूडही चालेल, असं जाणत्या माणसाला खात्रीने वाटलं नसतं. पोटात घ्यायच्या हळदीबद्दल त्यांचं म्हणणं होतं की ग्रंथांत ती मधाबरोबर आहे, आणि जखम भरण्याचा गुण तर मधालाही आहे. परीक्षकाने ते मानलं नाही. जखमेपुरते लेप आणि पूड सारखेच, असं ठरलं आणि १९९७ च्या ऑगस्टमध्ये पेटंटमधले दावे फेटाळले गेले.

आजीने त्या चिमटीत पाणी घातलं असतं तर लेप, नाही घातलं तर पूड. तिला हा फरक विचारण्याजोगा वाटला नसता. पण कुणी गंभीरपणे विचारलाच असता तर तिने तेवढ्याच गंभीरपणे सांगितलं असतं, की रक्त वाहत असेल तर कोरडीच दाबावी आणि मुका मार असेल तर कालवून, कढवून लावावी. हे ज्ञानच होतं, बारकाव्यांसकट. पण ते कागदावर यायला आधी कुणाला तरी ते ठाऊक नसायला हवं होतं. माणूस लिहून ठेवतो ते विसरू नये म्हणून, किंवा दूरच्याला कळावं म्हणून. जे घरातल्या प्रत्येक हाताला येतं, ते कुणासाठी लिहायचं? आईच्या जुन्या वहीत अनारशांचं प्रमाण आहे, साखरभाताचं आहे. भाताला पाणी किती घालायचं ते कुठेही नाही. रोजचा भात त्या वहीत कधी शिरलाच नाही. जे सर्वांत जास्त ठाऊक असतं, त्याचाच पुरावा सर्वांत कमी असतो, हे मला त्या वहीने शिकवलं.

कडुलिंबाचं प्रकरण याहून लांबलं. पाडव्याला ज्याची कोवळी पानं गूळ-जिऱ्यासोबत वाटून आपण खातो आणि ज्याचा वाळलेला पाला धान्याच्या कणगीत टाकतो, त्याच झाडाच्या तेलापासून वनस्पतींवरची बुरशी आटोक्यात ठेवण्याच्या पद्धतीला युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये पेटंट दिलं. ते अमेरिकेच्या कृषी खात्याकडे आणि डब्ल्यू. आर. ग्रेस या कंपनीकडे मिळून होतं. विरोधाला उभ्या राहिल्या तीन स्त्रिया: वंदना शिवा, युरोपीय संसदेतल्या ग्रीन गटाच्या मागदा आल्फूत आणि सेंद्रिय शेतीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या लिंडा बुलार्ड. युरोपचा कायदा एका बाबतीत उदार आहे. तिथे लिहिलेलंच हवं असं नाही. बोललेलं, वापरलेलं, कोणत्याही रीतीने लोकांसमोर आलेलं सगळं धरलं जातं, मग ते जगात कुठेही असो. पण ते नेमकं काय होतं, कुठे, केव्हा, कुणासमोर, हे दाखवावं लागतंच.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. कारण 'आमच्या आज्यांना हे ठाऊकच होतं' हे वाक्य जिभेवर फार लवकर येतं, आणि ते सगळ्या वेळी खरं नसतं. पेटंटमध्ये होतं ते विशिष्ट रीतीने काढलेलं तेल, ०.१ ते १० टक्के एवढं, पाण्यात मिसळावं म्हणून त्यात घातलेला द्रव, आणि त्या मिश्रणाची फवारणी. आजीला पाला ठाऊक होता, हे मिश्रण नव्हतं. म्हणून कणगीतला पाला तिथे पुरेसा नव्हता; ज्याने जवळजवळ हेच आधी केलं होतं असा माणूस लागत होता. आणि असा माणूस आपल्याकडेच होता. कडुलिंबाच्या तेलाचं उत्पादन करणारे एक भारतीय उद्योजक म्युनिकला जाऊन साक्ष देऊन आले, की १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर आपण असल्याच तेलाचे प्रयोग केले होते. मे २००० मध्ये पेटंट रद्द झालं. त्यावर अपील झालं. ते ८ मार्च २००५ रोजी, महिला दिनाच्या दिवशी, फेटाळलं गेलं. कुठल्याशा शेताच्या बांधावर, उन्हाळ्याच्या तापात, पाठीवर पंप घेऊन फवारणाऱ्या माणसाला कुठे ठाऊक असणार, की आपली ही दुपार पंधरा वर्षांनी जर्मनीतल्या एका सभागृहात पुन्हा एकदा उभी राहणार आहे!

पण कधीकधी उलटही होतं, आणि तेही मनाने मान्य करायला हवं. इंग्लंडमध्ये मँडी हेबरमन नावाच्या एका आईने लहान मुलांसाठी न सांडणारा पेला केला. चोखलं की उघडते आणि सोडलं की मिटते अशी एक चिरेची झडप तिने पेल्याच्या तोटीत बसवली. पेले होते, झडपाही होत्या. प्रतिपक्ष म्हणाला, हे तर कुणालाही सुचलं असतं. न्यायमूर्ती लॅडी यांनी १९९९ मध्ये ते अमान्य केलं. हे पाऊल साधं खरंच. पण इतकी वर्षं इतके जण तोच पेला करत होते, मुलं सांडत होती, आया पुसत होत्या, आणि ते पाऊल कुणी टाकलं नव्हतं. एकदा उत्तर कळलं की कोडं सोपंच वाटतं. तिथवरची वाट सरळ दिसू लागते आणि आपण आधी जिथे अडखळत होतो त्या जागा पुसल्या जातात. निकाल देणाऱ्याला मग एक अवघड तपश्चर्या करावी लागते: जे आता ठाऊक आहे ते मनातून काढून ठेवायचं आणि त्या जुन्या दिवसाच्या अज्ञानात पुन्हा जाऊन बसायचं. आपल्यापैकी किती जणांना ते घरातसुद्धा जमतं? आईवडिलांच्या जुन्या निर्णयांकडे पाहताना 'हे तर उघडच होतं' असं आपण किती सहज म्हणून जातो. त्यांच्या त्या दिवशी ते उघड नव्हतं. त्यांच्यापाशी आपली आजची तारीख नव्हती.

आता आपल्या कायद्यातच लिहिलेलं आहे, की परंपरागत ज्ञान हा शोध नव्हे. २००१ पासून आयुर्वेद, युनानी, सिद्ध अशा परंपरांतली औषधं पाच परकी भाषांत उतरवून पारंपरिक ज्ञानाचं एक डिजिटल ग्रंथालयही उभं राहिलं आहे, आणि २००९ पासून युरोपचे पेटंट परीक्षक ते उघडून पाहू शकतात. पूर्वी अपिलापर्यंत जावं लागे, ते आता पुष्कळदा परीक्षकाच्या टेबलावरच मिटू शकतं. हे फार मोलाचं काम आहे. मला त्यात माझ्या धंद्याचा अभिमानही आहे. पण ग्रंथालयाला लागतो ग्रंथ. पोथीत जे होतं ते तिथे पोचलं. चिमटीत जे होतं, ते पोचवायला कुणीतरी त्या चिमटीशेजारी, ती हलत असताना, बसायला हवं होतं.

परात घासून झाली. उन्हात धरली तर डोळे दिपावेत अशी निघाली. संध्याकाळी हौसेने तिच्यातच कणीक मळायला घेतली, आणि बसण्याआधी माझ्या हातांनी एक फडकं भिजवलं, पिळलं, त्याची वळकटी करून गोल वेटोळं घातलं आणि त्यावर परात ठेवली, म्हणजे मळताना ती फिरत नाही, सरकत नाही. मुलगी ओट्याला टेकून बघत होती. तिने विचारलं, "आई, हे फडकं खाली घालायचं तुला कुणी शिकवलं?"

मी आठवून पाहिलं. आजीने सांगितल्याचं आठवेना, आईने सांगितल्याचंही नाही. माळ्यावरून काढलेल्या परातीवर ते लिहिलेलं नव्हतं. कुठल्यातरी दुपारी मी आजीच्या शेजारी नुसती बसलेली असणार.

"बस इथे," मी तिला म्हटलं, आणि परात थोडी तिच्या बाजूला सरकवली.